झुंबर औटींनी माइकवर सांगितलेला चिनी पिक्चर

झुंबर औटी गप्प बसले की सुगंधाबाई आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत. ताप आल्याशिवाय हा माणूस गप्प बसत नाही, हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव. पण त्या रविवारी कपाळ गार होतं, आणि नवरा बाल्कनीत पाठमोरा उभा राहून वाळत घातलेल्या टॉवेलाशी बोलल्यासारखे ओठ हलवत होता. आवाज मात्र बाहेर येत नव्हता.

"अहो, चहा टाकू का?"

उत्तर नाही. सुगंधाबाईंनी गॅसवर आधण ठेवलं आणि मग आपणच गॅस बंद केला.

औटींचा आवाज म्हणजे बोईसरच्या त्या सोसायटीची सार्वजनिक मालमत्ता होती. पाणी किती वाजता येणार, गणपतीची आरती कधी, कुणाचं मयत किती वाजता निघणार, सगळं तेच सांगायचे. एकदा उत्सवात त्यांनी माइकवर पुकारलं होतं, "सी विंगमधल्या एका वहिनींचं जोडवं सापडलं आहे. ओळख पटवून घेऊन जावं. ओळख जोडव्याची, वहिनींची आम्हाला आहेच." त्यावर चार दिवस घरात अबोला होता, तोही सुगंधाबाईंकडून.

अठ्ठ्याहत्तर साली एकवीस वर्षांचा हा गडी पारनेरकडून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आला आणि कापडाच्या कारखान्यात रंगाई खात्यात लागला. यंत्रांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे औटींची हाक खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायची. "भोंगा बिघडला तर औटीला गच्चीवर चढवा," असं लोक म्हणत. या आवाजावरच त्यांना कामगारांच्या क्लबातलं सिनेमा दाखवायचं काम मिळालं. प्रोजेक्टर चालवायला दुसरा माणूस मिळाला असता. पण मध्येच रीळ तुटलं तर ते जोडेपर्यंत पाचशे माणसांना बोलण्यात गुंतवून ठेवणारा दुसरा नव्हता.

तर त्या रविवारी दुपारी झालं ते असं. नात प्रियदर्शिनी पालघरच्या कॉलेजात शिकते. जुन्या परदेशी सिनेमाचं रसग्रहण लिहून आणा, असं तिच्या वर्गाला सांगितलेलं. यादीत दहा नावं होती. तिने चिनी सिनेमा निवडला, कारण तो सगळ्यात लहान, दीड तासाचा होता. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. सुगंधाबाई जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. औटी आरामखुर्चीत डुलक्या काढत होते.

टीव्हीवर दगडाचं जातं फिरल्याचा आवाज आला. जड, ओला, थांबत थांबत येणारा. औटींनी डोळे उघडले.

काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक मोठं थोरलं जातं होतं. त्याला दोन बाजूंनी दोन लाकडी दांडे, आणि दोन तरुण भाऊ एकेका दांड्याला छाती लावून गोल गोल फिरत होते.

"हा मी दाखवलाय," औटी म्हणाले.

"काय आबा! तुम्ही? चिनी?"

"दाखवला म्हणजे काय, सांगितलाय! सत्त्याऐंशी साल. संपाच्या वेळी. विचार तुझ्या आजीला."

"हो गं," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुझा बाप सहा वर्षांचा होता, माझ्या मांडीवर झोपला होता. मला सगळा पाठ आहे हा सिनेमा. थोरला भाऊ असतो ना, तो लई हरामखोर निघतो बघ."

"आजी, शेवट सांगू नकोस!"

"शेवट नाही सांगत. पण हरामखोरच."

सिनेमा पुढे गेला. त्या देशात आपसातलं युद्ध पेटलेलं. थोरला बाजाराला पीठ विकायला गेला असताना एका सैन्याने त्याला दोरीला बांधून नेलं. धाकटा पुढे दुसऱ्या सैन्यात गेला.

"बांधून नेला?" सुगंधाबाईंचा हात थांबला. "तो तर आपल्या पायांनी गेला होता. जास्त पगार देतो म्हणाले म्हणून."

"कुठे गं? दोरी दिसतेय की."

सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा टीव्हीकडे बघत होता.

पुढे कितीतरी वेळ त्या सिनेमात लढाईच नव्हती. नुसती थंडी. एका काठाला एक सैन्य, दुसऱ्या काठाला दुसरं, मध्ये गोठलेली नदी. माणसं बुटांत पेंढा भरत होती. एकजण मेलेल्याच्या खिशातून कांदा काढून चोरून खात होता आणि खाताना रडत होता. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही, वाऱ्याचा आवाज तेवढा. प्रियदर्शिनी वहीत काहीबाही टिपत होती. औटी मात्र खुर्चीच्या टोकाला सरकले होते. त्यांना पुढचं प्रत्येक दृश्य ठाऊक होतं, आणि तरी ते पहिल्यांदा बघावं तसं बघत होते. किती कमी बोलतात ही माणसं, असं त्यांना वाटलं. आणि त्या दिवशी आपण किती बोललो होतो!

मग शेवटचा प्रसंग आला. सगळीकडे बर्फ. धाकटा पाठीवर ओझं घेऊन नदी ओलांडायला निघाला. पलीकडच्या काठावर थोरल्याने त्याला ओळखलं. तो खंदकातून उठून उभा राहिला, एक हात लांब केला आणि काहीतरी ओरडला.

"आता बघ," सुगंधाबाई म्हणाल्या, "आता म्हणतो, मालकाचं मीठ खाल्लंय, आज भावाला सोडत नाही."

प्रियदर्शिनी पडद्याखालची पिवळी अक्षरं वाचत होती. "नाही आजी. तो म्हणतोय, 'बर्फ पातळ आहे. इकडून येऊ नको. वरच्या वळणावर जा, तिथे घट्ट आहे. वरून ये.'"

"शत्रूला वाट सांगतोय?"

"भावाला सांगतोय."

धाकटा थबकला. मग वळला आणि वरच्या अंगाला चालू लागला. तेवढ्यात गोळीचा आवाज झाला आणि थोरला तोंडावर पडला.

"धाकट्याने मारला ना?" सुगंधाबाईंनी विचारलं, पण आता त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

"मागून गोळी आली गं. त्याच्याच साहेबाने मारला. वाट सांगितली म्हणून."

औटी उठले आणि बाल्कनीत गेले. सिनेमा अजून दोन मिनिटं बाकी होता.

*

ते साल, तो संप आणि ती दोन माणसं सांगितल्याशिवाय औटींचं गप्प होणं कळायचं नाही.

दामू आणि रामा हे बेटेगावचे सख्खे भाऊ. वसाहतीसाठी यांची जमीन गेली आणि त्या बदल्यात दोघांना एकाच कारखान्यात नोकरी मिळाली. दामू बॉयलरवर, रामा औटींबरोबर रंगाईत. औटी नवे नवे आले तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांच्याच ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहिले. भाडं नावापुरतं. जेवण बहुतेक त्यांच्याच चुलीवरचं. दामू वयाने मोठा, कमी बोलणारा. रामा हसरा, कुणीही चढवलं की चढणारा. लग्न करून सुगंधाबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातची तीळ लावलेली बाजरीची भाकरी दामूला इतकी आवडली, की पाळीच्या डब्यात औटींना दोन भाकऱ्या जास्तीच्या न्याव्या लागायच्या.

सत्त्याऐंशी साली कारखान्यात दुसरी युनियन आली आणि संप पुकारला. रामा आणि औटी नव्या युनियनमध्ये गेले, संपावर बसले. दामू जुन्या युनियनमध्ये राहिला आणि कामावर जात राहिला. तो एकदाच बोलला होता, "जमीन गेली. आता ही पन गेली तर पोरांना काय दाकवू?" पण संपाच्या दिवसांत कोण कुणाचं ऐकतं? गेटवर रोज एकमेकांच्या आयाबहिणी निघत होत्या.

महिन्याचा सिनेमा मात्र बंद झाला नाही. मैदानात दोन खांबांना पडदा बांधायचा, आणि लोक दोन्ही बाजूंना बसायचे, ही तिथली जुनी रीत. पुढे जागा मिळाली नाही की मागे. मागून सगळं उलटं दिसायचं, नायक डावखुरा व्हायचा, पण बघणाऱ्याला सवय होती. त्या महिन्यात जागा आपोआप वाटल्या गेल्या. संपवाले पुढे, कामावर जाणारे पडद्यामागे. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच दिवशी मुंबईहून रिळं आणणाऱ्याने चुकीचे डबे उचलले. हिंदी मारामारीच्या जागी हा चिनी सिनेमा आला. लोक ओरडायला लागले. तेव्हा औटींनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, चिनी तर चिनी. मी आहे ना सांगायला!"

खालची इंग्रजी अक्षरं त्यांना अडखळत का होईना, वाचता येत. पहिला अर्धा तास त्यांनी सरळ सांगितलं. मग थोरल्याच्या अंगावर सैन्याचा कोट चढला, तेव्हा पुढून कुणीतरी ओरडलं, "हा बघा, गेला गेटच्या आत!" पाचशे माणसं हसली. युनियनचा पुढारी वाकून औटींच्या कानाशी म्हणाला, "औटी, जरा मसाला टाका."

हशा एकदा जिभेला लागला की सुटत नाही. औटींनी मसाला टाकायला सुरुवात केली. दोरीने बांधलेला माणूस जास्त पगारासाठी गेलेला झाला. थोरला तोंड उघडेल तेव्हा औटी त्याच्या तोंडी गेटवरच्या शिव्या घालू लागले. टाळ्या वाढल्या. बर्फाचा प्रसंग आला तेव्हा पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं, एकही वाचता येईना. थोरला काय म्हणतोय ते औटींना खरंच कळलं नाही. पण त्याचा चेहरा दिसत होता. तो चेहरा शिव्या देणाऱ्याचा नव्हता, एवढं दिसायला इंग्रजी लागत नव्हतं.

औटी माइकवर गरजले, "मालकाचं मीठ खाल्लंय, आज भावाला सोडत नाही! आणि बघा मंडळी, धाकट्याने नेम धरला... आणि पडला बघा मालकाचा कुत्रा!"

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. कुणीतरी रामाला खांद्यावर उचललं, कारण त्याचा भाऊ कामावर जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. रामा हसत होता आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. पडद्यामागे दामू बसला होता, त्याला ते हात पडद्याच्या वर दिसले असणार.

त्याच आठवड्यात बेटेगावच्या त्या घरात अंगणाच्या मधोमध कारवीचा कूड उभा राहिला. बावन्न दिवसांनी संप मिटला, दोन्ही युनियनची माणसं एकाच गेटने आत गेली, कँटीनमध्ये एकाच बाकावर बसली. कूड तेवढा राहिला. पुढे त्याची विटांची भिंत झाली. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. सहा वर्षांपूर्वी रामा गेला. औटी मयताला गेले होते. दामू भिंतीच्या त्याच्या बाजूला उभा होता, टोपी हातात घेऊन. तिरडी निघाली तरी तो तिथून हलला नाही. औटींच्या मनात आलं होतं, जावं, सांगावं. पण काय सांगणार? थोरला नक्की काय म्हणाला, ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. निदान असं ते मनाला सांगत आले होते.

आता तेवढीही सोय राहिली नव्हती.

*

सोमवारचा दिवसही तसाच गेला. सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याची सूचना पुकारायला सांगायला आला तर औटी म्हणाले, "फळ्यावर लिहा." सेक्रेटरीने सुगंधाबाईंना दारातच खुणेने विचारलं, बरं नाही का म्हणून.

रात्रीच्या जेवणाला प्रियदर्शिनी म्हणाली, "आबा, मी रसग्रहणात तुमचं लिहू? एका माणसाने हा सिनेमा लाइव्ह सांगितला होता म्हणून? सर एकदम खूश होतील."

"लिही की," सुगंधाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "आजोबांनी सांगितलेला सिनेमा चीनवाल्यांच्या सिनेम्यापेक्षा भारी होता म्हणून लिही. आजी अडतीस वर्षं त्या बिचाऱ्या थोरल्याला शिव्या देत होती, तेही लिही."

औटींनी घास खाली ठेवला. "मला काय माहीत होतं?"

"तुम्हाला माहीत होतं. मी काल तुमचं तोंड बघत होते, टीव्ही नाही." त्यांनी भाजीचं भांडं झाकलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दामूभाऊ आहेत अजून. त्यांची सून रूपल मला बाजारात भेटते कधीकधी. उद्या जा. मी भाकऱ्या करून देते."

"जाऊन काय बोलू?"

"एवढा आवाज दिलाय देवाने, आणि बायकोला विचारता काय बोलू!"

मंगळवारी सकाळी प्रियदर्शिनीने सिनेमा आजोबांच्या फोनमध्ये घालून दिला आणि बर्फाचा प्रसंग नेमका कुठे आहे ते दाखवलं. दामूला तो दाखवायचा, असं औटींनी ठरवलं होतं. आपण बोलायचंच नाही. त्याचा तोच बघेल. सुगंधाबाईंनी तीळ लावलेल्या चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली.

शेअर रिक्षाने औटी बेटेगावला उतरले आणि क्षणभर त्यांना घरच सापडेना. जिथे भाताची खाचरं होती तिथे खोल्यांच्या रांगा उभ्या होत्या, दारादारात कामगारांच्या निळ्या डांगऱ्या वाळत होत्या. "किसको ढूँढ रहे हो, चाचा?" एकाने विचारलं. औटींनी नाव सांगितलं. "अरे, मकान मालिक! वो दीवार वाला घर."

भिंतवालं घर. औटींनी मान हलवली.

ओसरीवर खाटेवर दामू बसला होता. वाळून गेलेला, पण पाठ ताठ. औटी पायरी चढले तसा त्याने चेहरा वळवला, जरासा चुकीच्या दिशेला.

"कोन?"

"मी. झुंबर."

दामूने मान तिरकी करून कान पुढे केला. मग म्हणाला, "आवाज लय बारीक झाला तुजा."

रूपल पाणी घेऊन बाहेर आली. हळूच म्हणाली, "काका, बाबांना दिसत नाय आता. काचबिंदू झाला. चार वर्सं झाली. उजव्या डोळ्याने थोडा उजेड कळतो, बास."

औटींच्या सदऱ्याच्या खिशात फोन होता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. भाकऱ्यांचं फडकं रूपलकडे दिलं. दामूने हवेत वास घेतला. "तीळ हाय. तुज्या बायकोच्या." मग खाट थापटून म्हणाला, "बस. कशाला आलास? या घरात मानूस मेल्याबिगर तू येत नाय. मी तर जिता हाय."

हे थट्टेत होतं की नाही ते औटींना कळलं नाही. पाण्याचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"दामूभाऊ, त्या संपाच्या साली मी एक सिनेमा दाखवला होता. चिनी."

भिंतीपलीकडे कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत होतं, तो आवाज येत होता.

"ते मी खोटं सांगितलं होतं. शेवटचं. परवा नातीने तो पुन्हा लावला. थोरला शिव्या देत नव्हता. तो म्हणत होता, बर्फ पातळ आहे, इकडून येऊ नको, वरून ये. आणि धाकट्याने त्याला मारलंच नाही. त्याच्याच साहेबाने मारलं. मी... लोक हसत होते, दामूभाऊ. मला थांबता आलं नाही."

एवढं बोलायला औटींना किती वेळ लागला कुणास ठाऊक. पूर्वी एवढ्या वेळात ते अख्खा सिनेमा सांगत.

"मला म्हाईत हाय," दामू म्हणाला.

"काय?"

"मी मागं बसलेलो. त्याचा हात दिसला मला. असा." दामूने आपला उजवा हात लांब केला, बोटं सरळ. "बंदूक नव्हती त्या हातात. मारनारा मानूस असा हात करत नाय. शेतावर पूर आला की आमी रामाला असाच हात करायचो, तिकडनं ये, तिकडनं, इथं खोल हाय. मला वाटलं, हा वाट दाकवतो. पन तू माइकवर बोललास की शिव्या देतो. मी म्हटलं, हा शिकलेला मानूस, याला इंग्रजी वाचता येतं. आपल्याला काय कळतं? आनि तेवड्यात त्या टाळ्या."

त्याने हात मांडीवर परत ठेवला.

"डोळं होतं तवा मी तुजं ऐकलं, झुंबर. आता डोळं गेलं, तवा तू सांगाया आलास."

औटींनी हात जोडले. जोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की समोरच्याला ते दिसत नाहीत. तेव्हा ते खाटेवरून उतरून खाली बसले आणि त्यांनी दामूच्या पायांवर हात ठेवले. पाय थंडगार होते. दामूने पाय मागे घेतले नाहीत.

रूपलने चहा आणून ठेवला. चहावर साय धरली.

"कूड मीच घातला," दामू मध्येच म्हणाला. "तुज्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नको. तुजं बोलनं एक दिवसाचं. कूड मी रोज बगत होतो, काडला नाय. भिंत तर दोनी घरच्या पोरांनी बांदली, मी नको पन बोललो नाय." मग बऱ्याच वेळाने, "सांग."

"काय सांगू?"

"पिच्चर. पयल्यापासून. आनि माइकवर सांगितलास तसा नको. पन जमुनेला ऐकाया जाईल येवडा मोट्यानं सांग. ती पलीकडं पाकडते."

जमुना म्हणजे रामाची बायको. भिंतीपलीकडचा सुपाचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, ते औटींच्या लक्षात आलं नव्हतं.

औटींनी सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ आहेत. घरात जातं आहे, एकट्याने फिरणारं नाही, दोघांनी ढकलायचं. थोरला बाजाराला जातो तेव्हा आई त्याच्या खिशात भाजलेलं काहीतरी घालते, काय ते दिसत नाही. त्याला दोरीने बांधून नेतात. "दोरीने," औटी पुन्हा म्हणाले, "आपण होऊन नाही गेला." त्यांनी कांदा खाणारा माणूस सांगितला. बुटांतला पेंढा सांगितला. जिथे सिनेमात कुणी बोलत नव्हतं तिथे तेही गप्प राहिले, आणि तेवढ्या वेळात रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. भिंतीच्या वर जमुनेचं डोकं दिसायला लागलं, पांढरे केस, कपाळापर्यंत पदर. ती भिंतीला टेकून उभी होती. औटींनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

नदी आली. बर्फ आला. थोरला खंदकातून उठला. इथे औटी खाकरले. दामूने न बघता चहाचा कप चाचपला आणि त्यांच्या बाजूला सरकवला. औटींनी गार चहाचा घोट घेतला.

"त्याने हात केला," औटी म्हणाले, "आणि ओरडला. बर्फ पातळ आहे. इकडून येऊ नको. वरच्या वळणावर जा, तिथे घट्ट आहे. वरून ये."

मग त्यांनी गोळी सांगितली. कुणाची ते सांगितलं. आणि थांबले.

"म्हातारी ऱ्हायली," दामू म्हणाला.

औटींना कळेना.

"तू तवा म्हनालास, संपला पिच्चर, चला. पुडची सगळी उठली, नाचत होती. रीळ चालूच होतं. मी मागं बसून होतो. त्यांची म्हातारी एकटी जातं ढकलते. एका बाजूचा दांडा रिकामा. जातं सरळ फिरत नाय, कलंडतं, ती पुन्ना लावते, पुन्ना ढकलते. तेवडंच. मग पडदा पांढरा." दामूने तोंड पुसलं. "आमची आई बी तवा जिती होती."

ती दोन मिनिटं औटींनी कधीच बघितली नव्हती. तेव्हा ते माइक ठेवून लोकांच्या शाबासक्या घेत होते, आणि परवा बाल्कनीत उभे होते.

"भाऊजी," भिंतीवरून जमुना म्हणाली. तिने औटींना भाऊजी म्हटलं ते बऱ्याच वर्षांनी.

"बोला वहिनी."

"त्या धाकट्याला ऐकाया गेलं का? थोरला ओरडला ते?"

"गेलं. तो थांबला आणि वरच्या अंगाला वळला. वाचला तो."

जमुनेने मान हलवली. दामू मान खाली घालून ऐकत होता, अंगठ्याने खाटेची सुंभाची दोरी चाचपत.

"बरं झालं," ती म्हणाली. भिंतीवरची सुकलेली पानं तिने हाताने झाडली. "आमच्यांना नाय ऐकाया गेलं."

आणि ती खाली बसली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे पुन्हा तांदूळ पाखडल्याचा आवाज यायला लागला.